न दचकणारं घर

१

पेडगावच्या शिवारात एक घर आहे, जिथं कुणी कुणावर कधी ओरडलेलं नाही. ऐकायला बरं वाटतं. राजेश्रीलाही लग्नाआधी ते फार बरं वाटलं होतं.

घर साधंच. स्लॅबच्या चार खोल्या, पुढं ओसरी, आणि ओसरीला लागून गुरांचा गोठा. गोठ्याला मागून एक दार, आणि त्या दारातून निघालेली पायवाट थेट शेततळ्यापर्यंत गेलेली. दावणीला विटेच्या रंगाच्या लाल कंधारी गाई. दिवेलागणीला राजेश्री परभणीहून एसटीनं यायची आणि चहाचं आधण ठेवायची. सासरे चंद्रभान ओसरीच्या कडेला पानाची चंची सोडून बसायचे, सासूबाई कडूबाई पाय पसरून भाजी निवडायच्या, आणि नवरा बालाजी मोटर बंद करून आला की भिंतीला टेकून मोबाइल बघायचा. सासऱ्यांना ती मामा म्हणे आणि सासूला मामी. तिकडं तशीच रीत आहे.

मग गुरं सरकायची.

मागच्या दाराजवळची गाय आधी डाव्या अंगाला व्हायची, तिच्या पुढची उजव्या. मग तिच्या पुढची. मधे माणूस जाईल एवढी वाट पडायची आणि मागून मिटत यायची. रवंथ थांबायचा नाही की कान हलायचे नाहीत. वाट ओसरीशी पोचली की मामी पसरलेले पाय आत घ्यायच्या. मामा चंची उचलून जराशी अलीकडं ठेवायचे. बालाजी खांदा आवळून घ्यायचा. क्षणभरानं मामी पुन्हा पाय पसरायच्या आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायच्या. मागच्या धान्याच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं असे, ते जरा हलायचं.

लग्नाला आठवडाही झाला नव्हता तेव्हा राजेश्रीनं हे पहिल्यांदा पाहिलं. ती चहाचे कप घेऊन चौकटीत उभी होती आणि तिच्या दंडावरचे केस उभे राहिले.

"तुमी मघाशी खांदा का आवळला?" तिनं जेवताना बालाजीला विचारलं.

"कवा?" तो म्हणाला. खोटं बोलणाऱ्यातला तो नव्हता.

राजेश्री शास्त्र शिकलेली बाई. तिनं चौकशी केली तेव्हा कळलं, की मामांचे वडील हयात होते तेव्हा ते याच वेळेला कंदील घेऊन गोठ्यातून घरात येत. झालं तर मग. गुरांना वाट द्यायची सवय लागली, गुरांचं बघून माणसांना लागली. म्हातारा गेला, सवय राहिली. उत्तर चांगलं होतं. फक्त तिचे दंडावरचे केस त्यात बसत नव्हते, तेवढे तिनं सोडून दिले.

२

ती या घरात आली तीही गुरांमुळंच. परभणीतल्या एका प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. गुरांचं रक्त तपासून कुठलं जनावर कुणाचं, कुणात कसला गुण उतरला, असलं काम. चंद्रभान यांच्या गाईंचं नाव तालुकाभर होतं. सुई टोचली की गाय लाथ झाडते, नाहीतर अंगाखाली धरते, असा तिचा अनुभव. इथं सुई गेली, रक्त आलं, आणि गाय आपली कडबा चघळतच राहिली.

त्या दिवशी बालाजीनं चहा आणला आणि देताना त्याच्या हातून काचेचा ग्लास सुटला. फरशीवर ठिकऱ्या उडाल्या. ओसरीवरच्या कुणीही मान वर केली नाही. बालाजीनं ठिकऱ्यांकडं पाहिलं, शांतपणे झाडू आणला, आणि म्हणाला, "दुसरा आणतो. साखर चालती ना?"

राजेश्री तिथंच भुलली. आता यावर हसणाऱ्यानं हसावं. पण जिचं लहानपण पालमच्या एका खोलीत, दारू पिऊन भांडी फेकणाऱ्या बापाच्या नजरेखाली गेलं, तिला ग्लास फुटल्यावर झाडू आणणारा पुरुष म्हणजे काय वाटला असेल, हे हसणाऱ्याला कळायचं नाही.

पुढं चुलत्यानं स्थळ म्हणून त्यांनाच बोलावलं. पालमला बघण्याचा कार्यक्रम झाला. पाहुण्यांनी ओटीचं सामान पितळी परातीत घालून, वर कापड टाकून आणलं होतं. राजेश्री पाटावर खाली मान घालून बसली होती आणि तिच्या पाठीशी, कानाच्या अगदी मागं, रिकामी झालेली ती परात फरशीवर पडली. चुलत्याच्या हातातली बशी हिंदकळली. शेजारचं तान्हं किंचाळून रडायला लागलं. राजेश्रीची पापणीसुद्धा हलली नाही.

"निसटली की हातातून," कडूबाई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं मान हलवली. पोरगी पसंत पडली.

ती हलली नाही, कारण तिला तसं वळण होतं. बाप दारात आला की तिची आई तानुबाई तिला पोटाशी धरून कानात सांगायची, "हलू नको, राजी. हललं की त्येचं ध्यान जातं." आत काळजाचं पाणी पाणी व्हायचं आणि बाहेर लेकरू दगडासारखं बसायचं. पाहुण्यांना फक्त बाहेरचं दिसलं. त्यांची चूक झाली ती एवढीच, पण त्या घरात तशी चूक पहिल्यांदाच होत होती.

३

परात पुन्हा दिसली ती गोठ्यात. एक कालवड मोठी झाली होती. मामा तिच्या मागं जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तीच, एका कडेला पोचा आलेली परात दगडावर टाकली. कालवडीनं शेपूट हलवली, बस्स. मामांनी समाधानानं तिच्या पाठीवर थाप मारली.

"हे आमच्या आज्याच्या आज्यापासनं हाय," ते म्हणाले. "जे उडालं ते बाजारात. जे हललं न्हाई ते दावणीला."

"आन् सुना?" राजेश्रीनं हसत विचारलं.

"सुना बी," मामा सरळ म्हणाले. त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "आधी तर बाहेरची पोरगी करतच नव्हते. मामाच्या पोरी, आत्याच्या पोरी, समद्या घरच्याच. बालाजीच्या जोडीची कुणी न्हाई निघाली. मग तू भेटलीस. तू हललीस न्हाई."

तिला हसू आलं आणि ते अर्ध्यातच विझलं. चोरून आत शिरल्यासारखं वाटलं तिला.

प्रयोगशाळेत दिनकरराव सर तिचे वरिष्ठ होते. निकाल हातात आल्यावर त्यांनी तिला समोर बसवून समजावलं. भीतीचा निरोप मेंदूत एक रसायन नेतं. तो निरोप किती वेळ टिकायचा आणि किती लवकर पुसायचा हे काही जनुकं ठरवतात. या गाईंमध्ये पुसणारं काम इतकं झपाट्यानं चालत होतं की निरोप पोचतच नव्हता. एखाददुसऱ्या गाईत नव्हे, सगळ्या दावणीत.

"बाई, आपण सगळे भित्र्यांची लेकरं," सर म्हणाले. "गवतात सळसळ झाली की जे पळाले ते जगले. काय आहे ते बघत जे उभे राहिले, त्यांचा वंश राहिला नाही. भीती हा रोग नाही, ती लाखो वर्षांची कमाई आहे. आणि या लोकांनी ती चार-सहा पिढ्यांत उडवली."

"गाईंची," राजेश्री म्हणाली.

"गाईंचीच म्हणतोय मी," सर म्हणाले.

त्याच वर्षी मामांनी पालमच्या बाजारातून दुधासाठी एक संकरित गाय आणली. पहिल्याच दिवेलागणीला, इतर गुरं सरकायला लागली तशी तिनं डोळे पांढरे केले, खुंटा उपटला आणि भिंतीवर धडका घेतल्या. एक शिंग मोडलं. बाकीच्या गाई तिच्याकडं बघत रवंथ करत राहिल्या. "भित्रं जनावर," मामा म्हणाले आणि पुढच्या बाजाराला त्यांनी ती विकून टाकली. गाडीत चढताना तिनं राजेश्रीकडं पाहिलं, असं राजेश्रीला वाटलं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

४

माऊली झाला आणि सगळं विसरायला झालं. लालसर, गुटगुटीत, बापाच्या कपाळाचं लेकरू. जावळ काढलं त्या दिवशी मामांनी परात टाकली आणि माऊली तिच्याकडं बघून खुदकन हसला. मामांनी गावात पेढे वाटले. माऊली रांगता रांगता बैलाच्या पायातून पलीकडं जायचा. विंचू दिसला तर उचलायला बघायचा. राजेश्रीचा जीव टांगणीला लागलेला असायचा, पण आत. बाहेर ती हलत नसे.

मग भक्ती झाली. तिच्या जावळाला परात पडली आणि भक्तीनं असा टाहो फोडला की बाहेरच्या चिमण्या उडाल्या.  मामांनी तिच्या डोक्यावरचा हात फक्त काढून घेतला.

"कुणावर गेली काय की," मामी म्हणाल्या.

राजेश्रीला ठाऊक होतं कुणावर गेली. त्या लेकराचं रडणं ऐकताना तिच्या पोटात लाजही होती आणि एक चोरटा आनंदही होता, की या घरात माझं म्हणून काहीतरी आलं. दिवेलागणीला गुरं सरकायला लागली की भक्ती आईच्या पदरात तोंड खुपसून थरथर कापायची. मामा ते रोज बघायचे. कधी रागावले नाहीत, पण त्यांचा हात काही पुन्हा तिच्या डोक्यावर गेला नाही.

आणि मग राजेश्रीनं ती गोष्ट केली, जिच्यासाठी ती स्वतःला कधीच माफ करणार नाही. दुपारी घरात कुणी नसताना ती भक्तीच्या पाठीमागं बसायची आणि आधी चमचा टाकायची, मग झाकण, मग ताट. "हलायचं न्हाई, बाळा. पोटात धरून ठेवायचं. आजोबांना आवडतं." लेकरू ओठ दाबून धरायचं. डोळ्यांतून पाणी यायचं, मग तेही यायचं थांबलं. भक्तीची पापणी हलेनाशी झाली तेव्हा राजेश्रीनं तिला गुळाचा खडा दिला आणि उराशी धरलं. मामांनी त्या संध्याकाळी नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं.

५

माऊली गेला तो गेल्या श्रावणात.

शेततळं काठोकाठ भरलं होतं. त्याला खालून प्लॅस्टिकचा जाड कागद लावलेला असतो, शेवाळ धरलं की मोठ्या माणसाचाही पाय त्यावर टिकत नाही. माऊलीला वर काढलं तेव्हा त्याच्या अंगावर शाळेचा शर्ट होता आणि चेहरा झोपल्यासारखा होता.

मामांनी त्याला जाताना पाहिलं होतं. ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, जसं पीकपाण्याचं सांगावं.

"मी बांधावर व्हतो की. दिवेलागण व्हायली व्हती. पोरगं तळ्याकडं चाललं व्हतं, एक हात वर करून."

"हात वर करून?" राजेश्रीनं विचारलं.

"लेकरू मोठ्या माणसाचं बोट धरतं का न्हाई, तसा. मला वाटलं, हाय कुणीतरी संगं."

"कोण, मामा? कोण व्हतं?"

मामांनी खरोखर आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. "ध्यानात न्हाई बघ. पर भ्यायासारखं काई नव्हतं."

गावातल्या बायका रडायला आल्या आणि अवघडून परत गेल्या. त्या घरात रडणारी एकटी राजेश्री होती. तिनं बालाजीच्या छातीवर बुक्क्या मारल्या. तुमचं लेकरू गेलं, तुमच्या डोळ्यात टिपूस न्हाई, असं काहीबाही ती बोलत राहिली. त्यानं तिचे हात धरले नाहीत. ती थकेपर्यंत तो उभा राहिला आणि मग तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला, "मला बी वाटतं रडावं. येत न्हाई, राजेश्री. कुठून येतं तेच म्हाईत न्हाई."

पुढं म्हणाला, "एक ध्यानात ठेव. तो भ्याला नसंल. आमच्यात भ्याच न्हाई. पाण्यात बी तो भ्याला नसंल."

साऱ्या जगानं तिचं सांत्वन केलं, पण पुढचं सगळं वर्ष ती जगली ती या एका वाक्यावर. अंधार पडला की ती ते मनात म्हणायची. माझं लेकरू भ्यालं नव्हतं. त्याला काही कळलंच नसेल. हसतच गेला असेल.

६

तेरावा झाला. पाहुणे गेले. पहिल्याच रिकाम्या संध्याकाळी राजेश्री ओसरीवर बसली होती आणि गुरं सरकली. मागच्या दाराजवळची गाय डाव्या अंगाला, पुढची उजव्या. वाट पडली, मिटली. मामींनी पाय आत घेतले, पुन्हा पसरले.

आणि गुरं पुन्हा सरकली.

या वेळी थोडीशीच. मोठ्या गाईंनी नुसते मागचे पाय उचलून बाजूला ठेवले, जपून, जसे त्या पायात घुटमळणाऱ्या वासरासाठी ठेवतात. वासरांनी माना खाली घातल्या आणि काहीतरी हुंगलं. अरुंद, बुटकी वाट ओसरीपर्यंत आली. मामींनी पुन्हा पाय आत घेतले. बालाजीनं खांदा हलवला नाही, गुडघा हलवला. धान्याच्या खोलीचं दार दोनदा हललं.

राजेश्रीचं अंग बर्फ झालं होतं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. भीती आणि माया एकाच वेळी इतकी दाटून येऊ शकते हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं धावत जाऊन खोलीचं दार उघडलं. ज्वारीची पोती, बियाण्याचे डबे, जुना कंदील. माऊलीच्या केसांना यायचा तसा खोबरेलाचा वास आला, की यावा असं वाटलं म्हणून आला, कुणास ठाऊक.

भास म्हणायला ती तयार होती. आई वेडी होते, तिला दिसायला लागतं, हे तिनं वाचलं होतं. पण गाय कशानं वेडी झाली असती? तिचं माऊलीशी काय नातं?

त्या दिवसापासून ती दिवेलागणीची वाट बघायला लागली. प्रयोगशाळेतून लवकर निघू लागली. पहिली वाट जाईपर्यंत ती डोळे गच्च मिटून घ्यायची, आणि दुसरीसाठी उघडायची. माहेरी चल म्हणून चुलता आला, त्याला तिनं परत पाठवलं. आपलं लेकरू रोज घरी येत असताना कुठली आई घर सोडून जाईल?

७

"एक विचारू का, सर?" एके दिवशी तिनं दिनकररावांना विचारलं. "रानातलं जनावर शांत कशासाठी करतात?"

"जवळ जाता यावं म्हणून," सर म्हणाले. ते काचपट्टीकडं बघत होते. "धार काढायची, ओझं लादायचं, कापायचं. घाबरणारं जनावर हाताशी येत नाही. म्हणून न घाबरणारं ठेवायचं, बाकीचं काढायचं. पिढ्यानपिढ्या. शेवटी ते आपण होऊन बाजूला सरकून वाट देतं."

"आणि जनावराला कळतं, हे कुणासाठी चाललंय?"

सरांनी मान वर केली. "तुम्ही थोडे दिवस रजा घ्या, राजेश्रीबाई."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून होती. परात मामांची, आज्याची, त्यांच्या आज्याची. पण पहिल्यांदा ती टाकायला कुणी लावली? गुरांच्या बाबतीत याला माणसाळवणं म्हणतात. त्या घराच्या बाबतीत काय म्हणायचं, हे तिला सुचलं नाही. सुचू नये असंही वाटलं.

घरी पोचली तेव्हा गुरं सरकत होती. भक्ती ओसरीच्या पायरीवर बाहुली घेऊन बसली होती. तिनं पाय आत घेतले. कापली नाही, पदर शोधला नाही. मग तिनं वर, मोठ्या माणसाच्या तोंडाकडं बघावं तसं पाहिलं, आणि बाहुली खाली ठेवून एक हात वर केला.

राजेश्रीनं बॅग भरायला घेतली. हात चालत नव्हते. माऊलीचा स्वेटर बॅगेत घातला, काढला, परत घातला. एका लेकराला वाचवायचं तर दुसऱ्याला टाकून जायचं होतं, आणि ते दुसरं तर आधीच गेलेलं होतं. तरी तिला ते टाकून जाणंच वाटलं.

"परवा सकाळच्या गाडीनं मी भक्तीला घेऊन परभणीला जाते," ती बालाजीला म्हणाली. "खोली बघितलीय. परत न्हाई यायची."

"जा," तो हळूच म्हणाला. "तुला रडताना बघतो तवा मला इथं कायतरी व्हतंय." त्यानं छातीवर हात ठेवला. "पर काय व्हतंय ते कळत न्हाई." मग तो उठून गुरांना पाणी दाखवायला गेला.

८

जाण्याआधी तिला एकच गोष्ट बघायची होती. आपण शिकवलेलं आत किती मुरलंय? पोरीच्या पोटात अजून भीती शिल्लक आहे का? असेल तर परभणीतच काय, कुठंही ती जगेल. नसेल तर कुठल्याच गावची एसटी पुरणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गुरं सरकायला लागली होती. मामी मेथी निवडत होत्या. मामांनी चंची उचलून अलीकडं ठेवली. भक्ती पाठमोरी बसून बाहुलीचे केस विंचरत होती. बॅग दारात उभी होती. राजेश्रीनं स्वयंपाकघरातून परात काढली. पोचा आलेली कड तिच्या तळव्याला लागली. पहिली वाट ओसरीवरून आत गेली आणि धान्याच्या खोलीचं दार हललं. घाबर गं बाई, ती मनातल्या मनात म्हणत होती. एकदा किंचाळ. आयुष्यभर कुणी हसलं तरी चालेल, एकदा किंचाळ.

 परात तिनं टाकली की सुटली, ते तिलाच सांगता आलं नसतं. फरशीवर आवाज झाला आणि घरभर घुमत राहिला.

मामींच्या बोटातली काडी तशीच राहिली. मामांनी सुपारी कातरली. भक्तीचा खांदासुद्धा हलला नाही.

पण गोठ्यात, दुसरी बुटकी वाट अर्ध्यावर आली होती, ती मोडली. वासरांनी भराभर पाय उचलले, इकडचे, मग तिकडचे. जसं काही लहानसं घाबरून त्यांच्या पायात वेडंवाकडं पळत होतं आणि लपायला जागा शोधत होतं. सगळ्यात मागची म्हातारी गाय मान वाकवून पोटाखाली काहीतरी चाटायला लागली.

भक्तीनं मागं वळून पाहिलं. तिच्या कपाळाला बारीक आठी होती.

"आई, हळू की," ती म्हणाली. "दादा दचकला."

राजेश्री तिच्यापाशी वाकली. "दादा... भेतो?"

"रोज," भक्ती म्हणाली आणि पुन्हा बाहुलीचे केस विंचरायला लागली.

वर्षभर उराशी धरलेलं ते एक वाक्य राजेश्रीच्या आत कुठंतरी तुटलं. ती गोठ्यात धावली, म्हाताऱ्या गाईजवळ शेणात गुडघ्यांवर बसली आणि तिनं दोन्ही हात पसरले, खाली, पहिलीतल्या पोराच्या खांद्याइतके. हातात काही आलं नाही. मग तळव्यांना गार लागलं, ओलं, आणि ते थरथरत होतं. तिनं ते पोटाशी ओढून घेतलं.

ओसरीवर मामी म्हणाल्या, "यंदा मेथी लय कोवळी हाय." आणि बोलता बोलता त्यांनी पाय आत घेतले. या वेळी वाट धान्याच्या खोलीकडून येत होती. आजवर आत गेलेली वाट कधी बाहेर आली नव्हती. मामांनी चंची उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. भक्ती सरकून बसली. पुढच्या गाई डाव्या-उजव्या व्हायला लागल्या, सावकाश, एकेक करून, जसं कुणी आवाज कुठून आला ते बघत यावं.

राजेश्रीनं श्वास रोखला. तिनं पदर पुढं ओढून हातातल्या त्या गार थरथरीला झाकलं, त्यावर तोंड ठेवलं, आणि जे शब्द तोंडातून पुन्हा कधी काढायचे नाहीत असं तिनं ठरवलं होतं, तेच ती कुजबुजली.

"हलू नको, माऊली. हललं की त्येचं ध्यान जातं."